मायनर सुरू करता, तर शेवटापर्यंत न्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रांत मध्यंतरी एका ज्येष्ठ वाचकांचं पत्र आलं होतं. पोर्तुगीज गोव्यातून जाऊन साठ वर्षं उलटली, आता कॉलेजांतून त्यांची भाषा शिकवायचा उमाळा कुणाला आला आहे, असा त्यांचा सवाल होता. मी यंदा बीए झाले. मेजर म्हणजे मुख्य विषय इतिहास, मायनर म्हणजे जोडीचा विषय पोर्तुगीज. तेव्हा सवाल माझ्यासारख्यांनाच आहे असं धरून लिहिते. त्या काकांची तक्रार अशी, की ही भाषा शिकवतात. माझी तक्रार अशी, की शिकवायला घेतात, अर्ध्यावर सोडतात आणि वर 'पूर्ण' असा शिक्का मारून देतात.

आधी उमाळ्याचं बोलू. मी मयेची. मयेच्या जमिनींचं रामायण डिचोली तालुक्यात कुणाला नव्याने सांगायला नको. पोर्तुगीज काळातल्या भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची जमीन, मुक्तीनंतर ती कस्टोडियनच्या, म्हणजे सरकारी रखवालदाराच्या ताब्यात, मग सनदांसाठी मोर्चे, मग २०१४ चा कायदा आणि त्यानंतरही न संपलेले हेलपाटे. आमच्याकडे "कागद पोर्तुगीजमध्ये आहे" हे वाक्य "डॉक्टर रजेवर आहेत" अशा सुरात म्हणतात. म्हणजे आता घरी जा, नंतर या. आणि हे एका मयेचंच नाही. १९६१ च्या आधीचा जमिनीचा कागद काढायचा झाला तर गोव्यात कुणालाही पोर्तुगीजच्या दारातून जावं लागतं. नोंदणी कार्यालयातली जुनी पुस्तकं, नोटरीचे दस्त, वारसांच्या वाटणीच्या इन्व्हेंटरीचे कागद, गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादच्या वह्या, सगळं त्याच भाषेत. त्याचा इंग्रजी तर्जुमा करून देणारे मोजके. ते पानाप्रमाणे पैसे घेतात आणि त्यात काही वावगं नाही, मेहनतीचं काम आहे. पण त्यांनी जे लिहून दिलं ते बरोबर की चूक हे पाहणारा माणूस घरात नसतो, वकिलाच्या ऑफिसातही नसतो.

दुसरी गोष्ट मराठीच्या अभिमानाची. छत्रपती संभाजी महाराजांची १६८३ ची गोव्यावरची स्वारी किंवा चिमाजी आप्पांची १७३९ ची वसई आपण छाती फुगवून सांगतो. त्या लढायांत समोरच्याला काय दिसलं, त्याने लिस्बनला काय कळवलं, तहाच्या वेळी कोण कुठे वाकला, हे सारं गोव्याच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीजमध्ये पडून आहे. दरवर्षी पावसाळी वाऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांबरोबर व्हाइसरॉयचा जो पत्रव्यवहार चाले, त्याचे बाडच्या बाड तिथे आहेत. ते उलगडून मराठ्यांच्या इतिहासात भर घातली ती सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ले गावच्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी. पिसुर्लेकरांना कुणी उमाळा आला म्हणून हिणवलं नसावं. आज त्यांच्यासारखं काम करायला किती मराठी मुलं तयार आहेत, हे त्या काकांनी स्वतःच एकदा तिथे जाऊन पाहावं.

जाता जाता एक खुलासा. मायनरच्या अर्जावर पोर्तुगीज लिहिलं तेव्हा वर्गातल्या मुलांनी, शेजाऱ्यांनी, एवढंच काय, बसमधल्या कंडक्टरने सुद्धा विचारलं, "पासपोर्ट काढतेस काय?" ज्याला पोर्तुगालचा पासपोर्ट काढायचा तो एजंटाकडे जातो. तीन वर्षं क्रियापदं घोकत बसत नाही.

आता मूळ मुद्दा. मायनर म्हणजे काय हे आधीच्या पिढीतल्या वाचकांना ठाऊक असेलच असं नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीत एक मुख्य विषय असतो, ती मेजर. त्याच्या जोडीला निवडून घ्यायचा दुसरा विषय ती मायनर. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा काढला त्यात तीन वर्षांच्या पदवीचे १२० क्रेडिट आहेत आणि त्यातले २४ मायनरचे. चार वर्षं केलीत तर १६० पैकी ३२. लेक्चरच्या एका क्रेडिटला सत्रात १५ तास धरतात. म्हणजे २४ क्रेडिटचे झाले ३६० तास.

हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. परकीय भाषा किती येते हे मोजायला युरोपात सहा पायऱ्या आहेत, ए-वनपासून सी-टूपर्यंत. कोऱ्या पाटीपासून तिसऱ्या पायरीवर, म्हणजे बी-वनवर जायला वर्गातले साधारण ३५० ते ४०० तास लागतात, असा भाषा शिकवणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. बी-वनचा माणूस रोजचं बोलणं निभावतो, साधं पत्र लिहितो, ओळखीच्या विषयावरचा मजकूर समजून घेतो. तेव्हा आराखडा करणाऱ्यांना नावं ठेवायला जागा नाही. ३६० तास भाषेचेच मिळाले, सलग मिळाले, तर आमच्यासारखी खेड्यातून आलेली मुलं पदवीबरोबर बी-वनच्या उंबऱ्यावर उभी राहतील. धोरणाचा मूळ मजकूर काढून पाहा, शाळेत शिकवायच्या परकीय भाषांच्या यादीत पोर्तुगीजचं नाव स्वच्छ लिहिलं आहे.

आमचे तास कुठे गेले ते सांगते. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तिथल्या बऱ्याच जणांनी मला मनापासून मदत केली आहे, आणि दुसऱ्या कॉलेजांतल्या मैत्रिणींकडून जे ऐकलं ते फार वेगळं नाही.

पहिलं वर्ष झकास गेलं. वर्ग भरलेला. शिकवणारे सर सासष्टीतून यायचे, लेक्चर बेसिसवर. पुस्तक पोर्तुगालचं. पहिल्या धड्यात विमानतळ, दुसऱ्यात कॉफीचं दुकान. लिस्बनचे लोक बोलताना अर्धे स्वर गिळतात, त्यामुळे सरांनी सीडीवरचा संवाद लावला की पहिल्यांदा कुणाला काही कळत नसे. पण नाकातले स्वर मात्र आम्हाला शिकवावे लागले नाहीत. घरी कोकणी बोलणाऱ्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले असतात. सर खूश व्हायचे. म्हणायचे, दुसरीकडच्या मुलांना इथे सहा महिने लागले असते. काही जण फोनवर ड्युओलिंगो करायचे, तिथे ब्राझीलची पोर्तुगीज शिकवतात, त्यामुळे वर्गात एकाच वेळी लिस्बन, रिओ आणि डिचोली असे तीन उच्चार चालायचे. मजा होती.

मग मे महिना आला. दोन सत्रांत मिळवलेली क्रियापदं आंबे-काजूच्या दिवसांत निम्मी वाहून जातात, हे कुठल्याही भाषेच्या शिक्षकाला विचारा. दुसऱ्या वर्षी टाइमटेबलमध्ये मायनर दिवसाच्या शेवटच्या तासाला पडली. बसचे हाल ज्यांना माहीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. साखळी-वाळपईच्या वाटेवरच्या मुली तास संपण्याआधी पाच-दहा मिनिटं उठू लागल्या, मग येईनाशा झाल्या. सत्राच्या मध्यावर सरांना दुसरीकडे कायमची नोकरी मिळाली आणि ते गेले. त्यांना कोण दोष देईल? लेक्चर बेसिसवाल्याला सुट्टीत पगार नाही, तास बुडाला तर पैसे नाहीत, पुढच्या जूनमध्ये परत बोलावतील याची खात्री नाही. काही आठवडे वर्ग रिकामा राहिला. पण आयएसएचे, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षेचे गुण तर भरायलाच हवेत, म्हणून घरून असाइनमेंट लिहून आणायला सांगितल्या. विषय होता 'माझी दिनचर्या'. मी किती वाजता उठते, किती वाजता दात घासते, हे पोर्तुगीजमध्ये मी आजही झोपेत सांगू शकेन. नव्या मॅडम आल्या. त्यांना आमचं किती झालं आहे हे कळेना, म्हणून त्यांनी पुन्हा 'असणे' या क्रियापदापासून सुरुवात केली.

तिसऱ्या वर्षी खरी गंमत झाली. विद्यार्थी कमी आहेत, तेव्हा भाषेचा पुढचा पेपर चालवता येणार नाही, असं सांगण्यात आलं. त्याऐवजी मायनरच्याच नावाखाली पोर्तुगीज संस्कृती आणि गोवा असा पेपर लावला. इंग्रजीतून. मी इतिहासाची विद्यार्थिनी, त्यातलं बरंचसं मेजरमध्ये आधीच शिकलेली. क्रेडिट तितकेच, गुणही चांगले. परीक्षेत पोर्तुगीजमध्ये एक ओळ लिहावी लागली नाही. तोंडी परीक्षा तर तिन्ही वर्षांत नावापुरतीच झाली, ओळख करून द्या आणि बसा. ऑफिसात जाऊन विचारलं तेव्हा क्लार्कबाईंनी अगदी आपुलकीने समजावलं, "बाय, तुझे क्रेडिट भरलेत ना? मग झालं." मार्कलिस्टवर मायनर पूर्ण आहे. ३६० तासांतले भाषेचे किती, त्यातलेही प्रत्यक्ष झालेले किती, याला मार्कलिस्टवर रकाना नाही.

या 'पूर्ण'ची किंमत मला लगेचच कळली. सध्या मी डिचोलीत एका वकिलांकडे काम करते. मला ठेवून घेताना त्यांनी मायनर पाहिली होती. पहिल्याच महिन्यात त्यांनी नोंदणीच्या जुन्या पुस्तकातल्या उताऱ्याची प्रमाणित प्रत माझ्यापुढे ठेवली. वरचा छापील मजकूर मी वाचला. खाली कारकुनाच्या हातचं लिखाण सुरू झालं आणि मी अडले. एका फटक्यात तीन-तीन शब्द जोडलेले, अर्ध्या शब्दांचे संक्षेप करून वर बारीक अक्षर टांगलेलं. १९११ ला पोर्तुगालने शुद्धलेखन बदललं, कागद त्याच्या आधीचा, म्हणजे आम्ही पुस्तकात शिकलेली स्पेलिंगं तिथे नाहीत. जमिनीची किंमत रुपया, टंगा आणि रईसमध्ये. सोळा टंग्यांचा रुपया, हे मला ठाऊक होतं, पण इतिहासाच्या वर्गामुळे. चतुःसीमेत नाइक आणि परब ही आडनावं ओळखता आली, तीही पोर्तुगीज थाटात लिहिलेली, पण परबांची जमीन उगवतीला की मावळतीला ते खात्रीने सांगता येईना. समासात नंतरच्या मालकांच्या नोंदी होत्या, एकीवर एक चढलेल्या. वाद नेमका त्या नोंदींचाच होता.

शेवटी वकीलसाहेबांनी कागद पणजीला एका वयस्कर गृहस्थांकडे पाठवला. मीच घेऊन गेले. मुक्तीच्या आधी लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात शिकलेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि सकाळचं वर्तमानपत्र वाचावं तसा धडाधड वाचून दाखवला. मधे थांबून म्हणाले, "ह्या एस्क्रिवांवचं, ह्या कारकुनाचं अक्षर मी ओळखतो, त्याला घाई असायची." ते वाचत होते तेव्हा मी फोनवर रेकॉर्ड करून घेतलं, त्यांच्या परवानगीने. मग त्यांनी मला जवळ बसवून संक्षेपांची एक यादी करून दिली. सर्वांत जास्त येणारे वीस-पंचवीसच आहेत. ते कळले की अर्धा कागद मोकळा होतो. एका दुपारी ते शिकता येतं, हे तीन वर्षांत आम्हाला कुणी दाखवलं नाही. लिसेंवमध्ये शिकलेली माणसं आता ऐंशीच्या घरात किंवा पुढे आहेत. त्यांना कॉलेजात बोलावून चार कागद मोठ्याने वाचून घ्यायला कुठल्या धोरणाची मंजुरी लागते?

विद्यार्थी कमी आहेत ही सबब खोटी आहे असं मी म्हणत नाही. पाच मुलांसाठी शिक्षक ठेवणं कॉलेजला जड जातं. पण डिचोली, साखळी, म्हापसा, पेडणे अशा चार कॉलेजांतली पाच-पाच मुलं एकत्र केली तर वीस होतात, आणि वीस मुलांचा भाषावर्ग हा उत्तम वर्ग असतो. शनिवारी एका ठिकाणी भरवा, मधले तास ऑनलाइन घ्या. २०२१ पासून ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे. एका संस्थेत मिळवलेले क्रेडिट दुसरीकडे चालावेत यासाठीच ती काढली. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठाचा पोर्तुगीजचा विभाग आहे, पणजीत पोर्तुगीज शिकवणारं केंद्र आहे, फ्रेंचसाठी आलियांस फ्रान्सेझ आहे. ज्या मुलाच्या कॉलेजात वर्ग बंद पडला त्याने तिथे जाऊन पुढची पायरी पूर्ण केली तर ते क्रेडिट मायनरमध्ये धरायला काय हरकत आहे? मी विचारलं तेव्हा "बघू, वर विचारावं लागेल" इथपर्यंत गाडी आली आणि वरून उत्तर येईपर्यंत माझं सहावं सत्र संपलं.

बाहेरच्या परीक्षांचंही तसंच. पोर्तुगीजला लिस्बन विद्यापीठाच्या पायरीवार परीक्षा आहेत, फ्रेंचला डेल्फ आहे, जपानीला जेएलपीटी. जपानीच्या परीक्षेत बोलायला लावत नाहीत, पण बाकीच्यांत समोर बसून बोलावं लागतं. तिथे 'माझी दिनचर्या' पाठ करून भागत नाही. कॉलेजांनी ती परीक्षा सक्तीची करू नये, फी परवडणारी नसते. पण कुणी देऊन पास झालं तर त्याचे क्रेडिट द्यावेत, आणि मार्कलिस्टवर नुसतं 'पोर्तुगीज मायनर' लिहिण्याऐवजी मूल कोणत्या पायरीपर्यंत आलं ते लिहावं. ए-टू असेल तर ए-टू लिहा. लाज कसली? माझ्या वकीलसाहेबांना निदान आधी कळलं असतं की ही मुलगी विमानतळावर निभावेल, नोंदणीच्या पुस्तकात नाही. फ्रेंच मायनर केलेली माझी एक मैत्रीण कळंगुटच्या हॉटेलात रिसेप्शनला आहे. तिचे सगळे तास झाले, शिक्षक एकच राहिले, आणि ती पाहुण्यांशी सरळ बोलते. तेव्हा हे जमत नाही असं मुळीच नाही.

आणि गोव्यात पोर्तुगीज मायनर घेणाऱ्याला शेवटच्या वर्षी एक पेपर जुने कागद वाचायचा हवाच. लिस्बनच्या कॉफीच्या दुकानात आमच्यातले किती जण जाणार आहेत? नोंदणी कार्यालयात, वकिलांकडे, पुराभिलेखागारात मात्र उद्या जागा भरायच्या झाल्या तर माणसं आणायची कुठून? हा पेपर कायद्याच्या मुलांनाही घेता यावा. प्रात्यक्षिक म्हणून पुराभिलेखागारात बसवा. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटमध्ये ६० तास खऱ्या कागदांसमोर जातील. त्यात मोडी शिकणाऱ्यांनाही शेजारी बसवलं तर फारच उत्तम. कारण त्या दप्तरांत मराठी पत्रं आहेत आणि त्यांची पोर्तुगीज उत्तरंही आहेत. आज दोन्ही बाजू वाचू शकेल असा तरुण माणूस शोधून सापडत नाही.

मी स्वतः दर शनिवारी पणजीला जाऊ लागले आहे, राहिलेली भाषा पुरी करायला. पगारातून फी भरते, म्हणून कुणाकडे काही मागत नाही. पण माझ्याबरोबर सुरू केलेल्या सगळ्यांना ते शक्य नाही.

सध्या कॉलेजांत प्रवेश चालू आहेत आणि प्रॉस्पेक्टसमध्ये परकीय भाषांची मायनर रंगीत अक्षरांत छापली आहे. पालकांना माझी विनंती, की सही करण्याआधी ऑफिसात तीन गोष्टी लेखी मागा. सहाही सत्रांतल्या पेपरांची नावं, त्यातला प्रत्येक पेपर कोणत्या भाषेतून शिकवणार ते, आणि मुलं कमी झाली तर पुढची सत्रं कुठल्या कॉलेजात पूर्ण करून देणार ते. जे कॉलेज हे लिहून द्यायला तयार नसेल त्याने यंदा तो विषय यादीत छापू नये.

आपली,
एक वाचक
मये, डिचोली
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)